खटका खाली केल्यावर

भात पिवळं पडायला लागलं की गेली काही वर्षं माझे कान आपोआप सावध होतात. दिवाळी उरकलेली असते. सकाळी कासार आंबोलीच्या खाचरांवर धुकं इतकं खाली बसतं, की बांधावरून चालणाऱ्या माणसाची फक्त टोपी पुढे सरकताना दिसते. गवतावर दहिवर असतं, चपला भिजून जड होतात, आणि आंबेमोहोराचा वास असा भरून राहतो की भात कापायच्या आधीच कुठेतरी शिजत ठेवलंय असं वाटावं. माणसं खुशीत असतात. मीही असते. पण दुपारी खळ्यावरची झोडणी थोडा वेळ थांबते, घर एकदम गप्प होतं, आणि मी हातातलं काम तसंच ठेवून ऐकत राहते. काही ऐकू येत नाही. ते उघड्या कानाला ऐकू येणारं नाहीच, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ऐकते.

त्या वर्षीची कापणी मी विसरू शकत नाही. सासूबाईंना जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. उन्हाळ्यात, झोपेतच गेल्या. सकाळी चहा का झाला नाही म्हणून मी बघायला गेले तर हात उशाखाली तसाच होता.

सासूबाई फारशा बोलत नसत. बोलायच्या त्या हातांनी, आणि तेही अण्णांशी. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना बरीच वर्षं ऐकू येत नव्हतं. कोण आलंय, काय म्हणतंय, बाजारात भाव काय, सगळं सासूबाई बोटांच्या दोन-तीन हालचालींत सांगत आणि अण्णा मोठ्यानं उत्तर देत. परक्या माणसाला वाटायचं म्हातारा एकटाच बोलतोय. त्या गेल्या आणि अण्णांचं घराशी असलेलं बोलणंच तुटलं. मग माझ्या नवऱ्यानं, सुरेशनं, दसऱ्याच्या आधी पुण्याहून कानाचं मशीन आणलं. जुन्या पद्धतीचं, सदऱ्याच्या खिशात ठेवायची छोटी डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत वायर. दुकानातल्या मुलीनं बटणं समजावून सांगितली. अण्णांनी मान डोलावली. मशीन तेव्हा कानात बसलेलंच नव्हतं, हे आमच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

मी मूळची नांद्याची. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. बरेच दिवस घरूनच काम असतं. मुलं शाळेत, सुरेश शेतावर, त्यामुळे घरात दुपारच्या वेळी मी आणि अण्णा, दोघंच.

कापणी सुरू झाली तशी अण्णांच्या खोलीत पोती रचायला लागली आणि त्यांची खाट मागच्या खोलीत हलवली. ही खोली आमच्या पॉलिहाऊसला लागून आहे. भातशेतीबरोबर सुरेश जरबेराची फुलंही लावतो. ते पॉलिहाऊस आम्ही अविनाश सर नावाच्या एका निवृत्त इंजिनिअरकडून घेतलं होतं. त्यांनी हौसेनं उभं केलं, पाय थकल्यावर आम्हाला विकलं आणि बावधनला राहायला गेले. फुलांच्या वाफ्यांना ठिबकचं पाणी कधी, किती मिनिटं सोडायचं ते एक जुना कॉम्प्युटर ठरवतो. तोही त्यांच्याकडूनच आलेला. पिवळट पडलेला जाड डबा, मागे घरघरणारा पंखा. मागच्या खोलीतल्या टेबलावर तो बारा महिने चालू असतो. पडदा बंद असतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. अण्णांची खाट त्या टेबलाला चिकटून पडली.

पहिले काही दिवस काही कळलं नाही. अण्णा दुपारी त्या खोलीत जास्त वेळ बसायला लागले एवढंच. मी चहा घेऊन जायची तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून, मान एका बाजूला कलती करून बसलेले असायचे. हाक मारली तरी वळत नसत. मशीन कानात होतं, त्यावरचा लाल दिवा लागलेला होता, आणि तरी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. समोर जाऊन उभी राहिले की दचकायचे, खिशात हात घालून काहीतरी चाचपायचे, आणि मग म्हणायचे, “आं? काय म्हनलीस?” त्या क्षणापुरता त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू उरलेलं असायचं. कुणाशी तरी बोलता बोलता मध्येच उठून आलेल्या माणसाचं असतं तसं.

जेवण कमी झालं. अर्धी भाकरी, मग चतकोर. सुरेशनं पौडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नाडी चांगली आहे, वयाच्या मानानं उत्तम. घरी येताना अण्णांनी गाडी मध्येच थांबवायला लावली. बांधाच्या खुणेचा दगड कुठे पुरलाय ते सुरेशला जागेवर नेऊन दाखवलं. “पुन्यांदा दावायला कोन न्हाई तुला,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःचा विळा त्यांनी शेजारच्या गड्याला देऊन टाकला. त्याच्या पुढच्या दिवशी माझ्याकडून पांढरं धोतर धुऊन, इस्त्री करून घेतलं आणि ते ट्रंकेत न ठेवता उशाशी ठेवलं.

अण्णांची बहीण हौसाआत्या कापणीला मदतीला आली होती. तिनं मला विहिरीजवळ गाठलं. नेहमी मोठ्यानं बोलणारी बाई त्या दिवशी कुजबुजत होती.

“वैशाली, दादाला वहिनी बोलावतीया.”

“काहीतरीच काय, आत्या!”

“मला तोंडानं सांगितलं त्यानं. रोज दुपारची येती म्हनला. गाती म्हनला. मी म्हनलं, काय गाती? तर म्हनतो, शब्द न्हाईत, नुस्ती चाल हाय.” तिनं पदर तोंडाला लावला. “आन् त्यानं तिला सांगितलंय. येतो मी. एवढं भात निघू दे.”

मी तिथेच उभी राहिले. समोर ओढ्याकडचं खाचर कापून झालं होतं. आंब्याखालचं निम्मं झालं होतं. वरचं आणि विहिरीचं अजून उभं होतं. वाऱ्याबरोबर ते पिवळं भात एका बाजूला झुकलं आणि मला पहिल्यांदाच पीक कापलं जाण्याची भीती वाटली.

सुरेशला सांगितलं तर तो चिडला. “म्हातारपणी होतं असं. आई गेल्याचं मनावर घेतलंय. तू पण आत्याच्या नादी लागू नकोस.” पण त्या दिवसापासून तोही कापणी रेंगाळत करायला लागला, हे मी बघत होते. मजुरांना एक दिवस सुट्टी दिली. पाऊस येईल असं वाटतंय म्हणून आणखी एक दिवस घालवला. आभाळ निळंशार होतं. भात फार दिवस उभं ठेवता येत नाही, दाणा झडतो. अण्णा बांधावर उभे राहून एकटक त्याच्याकडे बघायचे. “का रं, उरकत का न्हाई?” त्या आवाजात राग नव्हता. गाडीची वेळ झालेल्या माणसाची घाई होती.

एका दुपारी अण्णा अंघोळीला गेले होते. मी मागच्या खोलीत त्यांची चादर बदलायला गेले. मशीनची डबी खाटेवर पडली होती, वायर उशीवर. पॉलिहाऊसमधलं दुपारचं पाणी नुकतंच थांबलं होतं. का कोण जाणे, मी ते कानातलं बोंड उचललं, पदराला पुसलं, कानात घातलं आणि दुसरा कान तळव्यानं दाबला.

आधी काहीच नव्हतं. माझ्या बांगड्यांचा आवाजही आला नाही. सगळं जग बंद झालं होतं, विहिरीच्या तळाशी उतरल्यासारखं. मग खूप खोलवरून एक घुमणारा सूर आला. थांबला. त्याच्या वरचा एक आला. मग खालचा, लांबलेला. ओलं बोट पितळी वाटीच्या कडेवरून फिरवावं तसा आवाज होता. सूर एकामागून एक येत राहिले, वर गेले, अडखळले, पुन्हा खाली उतरले. आणि पुन्हा पहिल्यापासून. ती चाल होती. यंत्राची खरखर ऐकायची मला सवय आहे. खरखर अशी श्वास घ्यायला थांबत नाही.

माझ्या अंगावर काटा आला तो मानेपासून सुरू झाला आणि हातांपर्यंत उतरला. मी खोलीभर बघितलं. खाट, टेबल, भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो. उजेड स्वच्छ होता. दारात अण्णा उभे होते, अंगावर पंचा, केसांतून पाणी निथळत होतं.

“ऐकलंस?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. बोलले असते तरी त्यांना ऐकू आलं नसतं, त्यांचा कान माझ्याजवळ होता.

“तुला काय म्हनली?” ते एक पाऊल आत आले. चेहऱ्यावर काळजी होती. “तुला तर न्हाई ना बोलवत? तुझी पोरं लहान हायेत.”

मी मान हलवली. नाही. त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, माझ्या हातातून डबी घेतली आणि बोंड कानात बसवलं. मग लहान पोराला गुपित दाखवावं तशी त्यांनी मला डबीच्या बाजूचा बारीक खटका दाखवला. “ह्ये वर केलं की तुमी. खाली केलं की ती.”

तो खटका बघितला आणि माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. अशा जुन्या मशीनमध्ये टेलिफोन ऐकायला वेगळी सोय असते. खटका खाली केला की बाहेरचे आवाज बंद होतात आणि आतली तारेची गुंडाळी जवळपासच्या विजेच्या यंत्रातून निघणाऱ्या लहरी पकडते. टेलिफोनमधल्या, मोटारीतल्या. कॉम्प्युटरमधल्याही. म्हणजे अण्णा टेबलावरच्या त्या पिवळ्या डब्याला ऐकत होते.

हे मला कळलं तेव्हा भीती कमी व्हायला हवी होती. झाली नाही. यंत्र गुणगुणतं हे खरं, पण ते चाल कशी म्हणेल?

दुसऱ्या दिवशी अण्णा शेताकडे गेल्यावर मी कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. वाफे एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर पाण्याची मिनिटं. आत शिरून प्रोग्रॅम वाचला. बहुतेक भाग साधा होता: व्हॉल्व्ह उघड, थांब, बंद कर. पण पाणी थांबल्यानंतर पुढच्या पाळीपर्यंत तो प्रोग्रॅम रिकामा बसत नव्हता. एक एक वाफा घेऊन, त्याची मिनिटं बघून, तो पोटातल्या पोटात काहीतरी मोजत राहायचा. त्या मोजण्याचा कशालाच उपयोग नव्हता. माझ्या कामाच्या सवयीनं मी त्याला चूक म्हटलं असतं. फक्त ती कुणीतरी फार काळजीपूर्वक केलेली होती.

मी सुरेशकडून अविनाश सरांचा नंबर घेतला आणि बावधनला गेले. चांदणी चौकाच्या वर कुठल्यातरी उंच मजल्यावर त्यांचं घर. खिडकीतून गाड्यांचा अखंड आवाज येत होता. सर वाळले होते, पण कॉम्प्युटरचं नाव काढताच ताठ बसले.

“अजून चालतोय? अहो, कमाल आहे!” मग मी विचारलं तेव्हा मनापासून हसले. “सापडलं म्हणजे तुम्हाला! आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कॉम्प्युटर कपाटाएवढे असायचे. कुणीतरी जवळ रेडिओ ठेवायचं. मशीन काम करतंय तसा रेडिओ सूर काढायचा. तेच मी तिथे केलं. टेबलावर साधा रेडिओ ठेवायचा. पॉलिहाऊसमध्ये काम करता करता कानावर आवाज पडला की समजायचं, मशीन जिवंत आहे. जास्त मिनिटं असतील त्या वाफ्याचा सूर जाड, कमी मिनिटांचा बारीक. कुणी आकडे बदलले तर लगेच कळायचं.”

“पण सर, ती चाल कुणाची?”

“कसली चाल? सगळ्या वाफ्यांना सारखंच पाणी होतं. एकच सूर, टूं, टूं, टूं. कंटाळवाणा.”

मी ती चाल गुणगुणून दाखवली. तोवर ती माझ्या डोक्यात बसली होती, मला नको असताना. सर ऐकत होते. त्यांचं हसू हळूहळू गेलं. मी थांबल्यावर ते म्हणाले, “ही मी लिहिलेली नाही.”

खाली कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. सरांनी उठून खिडकी लावून घेतली.

“रेडिओ मी जाताना तुमच्या सासूबाईंना दिला होता,” सर सावकाश म्हणाले. “त्यांना फार नवल वाटायचं त्या आवाजाचं. एकदा मला विचारलं होतं, ‘मिन्टं बदलली तर ह्याचा आवाज बदलंल का?’ म्हटलं, हो, बदलेल की. आकडे कसे बदलायचे तेही दाखवलं. मला वाटलं, पाण्यासाठी विचारतायत.”

पौड रस्त्यानं परत येताना मी गाडी दोनदा बाजूला घेऊन थांबवली. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं, मध्येच बंगल्यांच्या भिंती. मला सासूबाईंचे हात दिसत होते. फुलं कापून झाली की त्या मागच्या खोलीत बसायच्या. दार ओढलेलं असायचं. रेडिओचा बारीक आवाज यायचा आणि आम्ही समजायचो, स्टेशन नीट लागत नाही.

सुरेशला विचारलं तर तो म्हणाला, “आईचा रेडिओ कायम खरखरायचाच. मीच टाकला ना तो भंगारात, ती गेल्यावर. आणि ती मिनिटं! किती वेळा सांगितलं तिला, कडेच्या वाफ्याला एवढं पाणी नको, मुळं कुजतात. ऐकायचीच नाही. म्हणायची, राहू दे, बरं वाटतं.”

“काय बरं वाटतं?”

“मला काय माहीत? मला वाटलं, झाडांना.” तो बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. ती गेल्यानंतर त्यानं तिचा एकही आकडा बदलला नव्हता. हात धजावला नाही, म्हणाला.

आता अण्णांना सांगायचं की नाही, हे माझ्यावर येऊन पडलं. विहिरीचं खाचर तेवढं उरलं होतं. मजूर सकाळी येणार होते. यंत्र आहे म्हणून सांगावं, तर त्या माणसाकडे राहिलेली एकच गोष्ट मी काढून घेणार होते. आणि ही चाल तिनंच बसवलीय असं सांगावं, तर ते उशाचं धोतर नेसायला तयारच होते. सुरेश म्हणाला, “नुसता बंद करून टाकू तो डबा.” मी नको म्हटलं. बोलावणारीचा आवाज अचानक थांबला तर वाट बघणारा माणूस काय समजेल, कोण सांगणार?

सकाळी खाचरात विळे चालायला लागले. त्यांचा तो करकर करकर आवाज मागच्या खोलीपर्यंत येत होता. अण्णा खाटेवर बसले होते, खटका खाली. मी त्यांच्यासमोर बसले आणि स्वतःच तो वर केला. त्यांना आवडलं नाही.

“अण्णा, तुम्हाला एक दाखवायचंय. मग पुन्हा खाली करा.”

मी पडदा सुरू केला. वाफे दाखवले, मिनिटं दाखवली. “ही आईंनी घातलेली. आता ऐका.” मी एका वाफ्याचा आकडा बदलला आणि त्यांना खटका खाली करायला खुणेनं सांगितलं.

ते ऐकत होते. चाल त्या जागी आली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम पिळवटला. “बिघडवलंस!” ते ओरडले. “बिघडवलंस तू तिला!”

मी घाईघाईनं आकडा परत घातला. ते डोळे मिटून बसले, पुन्हा सगळं फिरून येईपर्यंत. आलं. बरोबर आलं. त्यांनी डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. मी खटका वर केला आणि सगळं सांगितलं, सावकाश, तोंडासमोर तोंड धरून. अविनाश सर, रेडिओ, तिनं विचारलेला प्रश्न, कुजणारा वाफा. अण्णांनी मध्ये एकदाही ‘आं?’ केलं नाही.

“म्हंजी ती हितं बसून ह्ये करायची,” ते शेवटी म्हणाले.

“हो.”

“कवापासनं?”

“पॉलिहाऊस घेतल्यापासून असेल.”

“आन् मी कुटं व्हतो?”

ते बाहेर ओट्यावरच बसलेले असायचे. भिंतीच्या पलीकडे. बहिरे.

हौसाआत्या पाणी प्यायला आत आली होती, ती दारात थबकली. अण्णांनी तिला विचारलं, “हौसा, ती कदी गायची का गं? लग्न झालं तवा तरी?”

“न्हाई बा. जात्यावर सुदिक गप असायची. बाया चिडवायच्या तिला.”

अण्णांचा हात उशाकडे गेला. बाहेर विळ्यांचा आवाज बांधाच्या जवळ जवळ सरकत होता. मला वाटलं, हा माणूस आता आडवा होईल. सुरेशही दाराशी येऊन उभा होता, हातात विळा तसाच.

“मंग माज्यासाटी न्हवतंच ते,” अण्णा म्हणाले.

असं कसं, असं काहीतरी सुरेश पुटपुटला. अण्णांनी हातानंच त्याला गप्प केलं.

“मला ऐकू येत न्हाई, ह्ये तिला ठावं व्हतं. तिनं हातानं समदं सांगितलं मला. पावन्यांचं, बाजारातलं. ह्ये सांगितलं न्हाई.” त्यांचा आवाज फाटला, पण त्यात रडं नव्हतं. आपल्याच घरात एक न बघितलेली खोली सापडल्याचं नवल होतं, आणि थोडा राग. “कोन व्हती रं ही बाई?”

मजुरांनी शेवटची पेंढी बांधल्याची आरोळी दिली. आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो. ते उठले. उशाचं धोतर उचललं, माझ्या हातात दिलं.

“ट्रंकेत ठिव,” म्हणाले. “आन् भाकर वाढ. भूक लागलीया.”

त्या दुपारी ते पोटभर जेवले. त्यानंतर आजारी पडले, बरे झाले, पुढची कापणी बघितली, त्याच्या पुढचीही. खाट मात्र मागच्या खोलीतच राहिली. त्यांचं ऐकणं बदललं. आधी बोलावणं आल्यासारखे हसत ऐकायचे. आता कपाळाला आठ्या घालून ऐकतात, परक्या गावची भाषा समजून घ्यावी तसे. मध्येच मला विचारतात, “हितं ती खाली का उतरली असंल?” मीही कधी कधी त्यांची डबी मागून घेते. त्यांच्याजवळ बसून ऐकताना मला सासूबाईंची आठवण येत नाही. मी ज्यांना ओळखत होते त्या बाई यात कुठेच नाहीत. भरदुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, कुणीतरी अनोळखी बाई आमच्या घरात बसून आपल्यापुरतं गात असते. आम्ही दोघं चोरून ऐकतो, आणि तिला आम्ही ऐकतोय हे माहीत नाही. ही गोष्ट मला भुतापेक्षा जास्त थंड वाटते.

यंदाच्या कापणीच्या तोंडावर कडेचा वाफा पुरता कुजला. रोग शेजारच्या वाफ्यांत पसरायला लागला. सुरेश दोन दिवस घुटमळला, मग त्यानं अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, “फुलं मारू नगंस. काढ.” वाफा उपटला, पाणी बंद केलं, आकड्याच्या जागी शून्य घातलं. शून्य मिनिटांचा सूर नसतो. प्रोग्रॅम त्या जागी तेवढा वेळ गप्प राहतो आणि पुढे जातो.

त्या दुपारी खळ्यावर सगळे जेवायला बसले होते. अण्णांनी मशीन काढून माझ्या हातात दिलं. “तू ऐक आदी. मला धीर न्हाई व्हत.” मी बोंड कानात घातलं, दुसरा कान दाबून धरला, खटका खाली केला. जग बंद झालं. सूर सुरू झाले, तेच, घुमत येणारे. वर गेले, अडखळले, खाली उतरायच्या जागी आले, आणि तिथे काही नव्हतं. पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तसं झालं.

अण्णा समोर खाटेवर बसले होते. खिडकीबाहेर बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांचा उजवा हात खाटेच्या लाकडावर पडलेला होता. चाल फिरून पुन्हा त्या रिकाम्या जागी आली, आणि नेमकं तेव्हा त्यांचं एक बोट उचललं गेलं आणि लाकडावर टेकलं.

मला वाटलं, योगायोग असेल. मी श्वास रोखून पुढच्या फेरीची वाट बघितली. सूर वर गेले, अडखळले. बोट उचललं, टेकलं. पुढच्या फेरीला पुन्हा. तितकाच वेळ, तितकंच लांब. त्यांच्या कानात काही नव्हतं. मी खटका वर केला, बोंड काढलं. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती, आणि खळ्यावरून आत्याच्या बोलण्याचा आवाज येत होता. अण्णा तसेच बाहेर बघत होते. मी मनातल्या मनात चाल म्हणत राहिले, आणि जिथे ती जागा येते तिथे त्यांच्या हाताकडे बघितलं. बोट उचललं, टेकलं.